नळ, विहीर, नदी, इतर

फॉर्मवर चार चौकोन होते.
घरात पाणी कुठून येतं?
नळ, विहीर, नदी, इतर.
मी अल-ओबेदहून पहाटेच्या ट्रकनं आलेला,
चपलांत वाळू, खिशात तापलेलं पेन.
कल्तूमा झोपडीच्या सावलीत बसलेली, मांडीवर धाकटी नाइला.
म्हणाली, "शेतातून."
"शेतात विहीर आहे?"
"शेतात शेत आहे."

मग उठली, पोरीला काखेत मारून.
मागं, वाळल्या गवताखाली, कलिंगडांचा ढीग:
लहान, वाटोळी, फिकट,
शहरात कुणी भाव विचारणार नाही अशी.
"डबकं आटलं दिवाळं निघाल्यासारखं, एका आठवड्यात.
तेव्हापासून हेच.
आम्ही हेच पितो, गाढव हेच पितं,
चहाही ह्याच्यातच उकळतो. साखर कमी लागते."

बाजरी वीतभर झाली की
दोन ताटांमधल्या मोकळ्या जागेत
बोटाची दोन पेरं जातील एवढं भोक,
आत चार बिया.
टोळ येतात, उंदीर येतात, उंटवाले तर न विचारताच येतात,
तरी एखादी वेल पळतेच.
मी शाळेत शिकलेलं बोलून दाखवलं:
वाळू पाणी धरत नाही.
"वाळूला कोण सांगतंय धरायला?" ती म्हणाली.

देठाजवळचा तणावा वाळलेला हवा.
ज्या कुशीवर झोपलं ती कूस पिवळी हवी.
तिनं एकावर थाप मारली.
माणसानं थाप मारली की समोरचा फसतो,
कलिंगडावर मारली की ते खरं बोलतं,
बंद दाराआडून कुणी "आहे, आहे" म्हणावं तसं.

पान दुसरं. फळं आठवड्यातून किती वेळा खाता?
ती इतकी हसली की नाइला दचकली.
"फळ म्हणजे केळं. ते नहूदच्या बाजारात असतं.
हे पाणी आहे, पोरा."
माझ्या तक्त्यात होतं:
शंभर ग्रॅम गरात एक्क्याण्णव ग्रॅम पाणी,
तीस कॅलरी, क जीवनसत्त्व जेमतेम,
लाल रंगामुळे अमुक फायदा.
तिनं सुरी घातली. आतला गर पांढुरका निघाला.
तक्त्याची ती ओळ मी हातानं झाकली.

खरा ऐवज बियांत. सोलली तर
पाव हिस्सा प्रथिनं, जवळजवळ अर्धं तेल.
हे मात्र तिला माझ्याआधी माहीत होतं,
आकड्यांशिवाय.
व्यापारी बियांची पोती नेतो, म्हणून सुगीत
सगळ्या वस्तीला बोलावणं जातं:
या, पोट फुटेस्तोवर खा,
अट एकच, बिया पातेल्यात थुंकायच्या.
तिचा दीर सिद्दीग दोन-चार गालात लपवतो,
सगळ्यांना ठाऊक आहे.
साली शेळ्यांना. शेळ्यांचं दूध नाइलाला.

नाइलाला काट्याला टांगलं:
सात किलो दोनशे.
मी गप्प राहिलो, वयाच्या रकान्यापुढे
लाल पेननं खूण करायची असते.
कल्तूमानं ते पाहिलं.
झोळीत पोरीच्या जागी कलिंगड ठेवलं, म्हणाली, "हे कर."
दोन किलो शंभर.
"लिही."
कुठे लिहू? तिनं बोट ठेवलं तिथं लिहिलं, समासात.

"इतर"पुढची रेघ बोटभर लांब होती.
तीत "शेत" मावलं.
पुढे ऑफिसात कुणीतरी ते खोडून
विहिरीवर बरोबरची खूण केली, सुबक.

परतताना ट्रकच्या हौद्यात बसून
तिनं पुडीत बांधून दिलेल्या भाजक्या बिया फोडत होतो.
मीठ सढळ हातानं घातलेलं.
तहान लागली. बाटली केव्हाच संपली होती.
मांडीवर समासातलं कलिंगड होतं
आणि सुरी नव्हती.
मी त्यावर थाप मारली. आहे, आहे.
ड्रायव्हरनं आरशातून बराच वेळ पाहिलं,
मग वेग कमी करून ओरडला,
"अरे, वाजवतोस काय! फळीवर आपट की!"